इंपालाच्या डिक्कीचे रॉड बसवताना

आजोबांची १९६५ ची शेवरले इंपाला रंग लावून इंदूरच्या रामबागेत घरी आली, तेव्हा डिक्कीचं झाकण लाकडी दांड्यावर टेकलेलं होतं आणि दोन्ही टॉर्शन रॉड पोत्यात.

हे रॉड म्हणजे डिक्कीत आडव्या बसणाऱ्या स्प्रिंगच्या पोलादाच्या सळया. एक टोक एका बाजूच्या बिजागरीला अडकतं, दुसरं समोरच्या ब्रॅकेटच्या खाचेत. झाकण बंद करताना सळईला पीळ बसतो. तोच पीळ उघडताना झाकण उचलून धरतो.

आधी पकडीने ओढायला गेलो. रॉड सटकला, नव्या रंगावर ओरखडा. फार जिवाला लागलं. पण तिथे बोट असतं तर? काका म्हणाले, "अरे, पकड नको, लांब पाइप घे." सियागंजच्या बाजारातून रॉडच्या टोकावर घट्ट बसेल असा जाड पाइप आणला. झाकण पूर्ण उघडं ठेवलं, कारण तेव्हा पीळ सर्वांत कमी असतो. काकांनी ते धरलं. हातमोजे, चष्मा, तोंड रॉडच्या रेषेबाहेर. मग पाइप हळूहळू दाबत टोक कमी ताणाच्या खाचेत नेलं.

झाकण अर्ध्यावरून खाली येऊ लागलं, म्हणून दोन्ही रॉड एकेक खाच पुढे घेतले. एकाच बाजूचा ताण वाढवू नका, झाकण तिरकं ओढलं जातं. रॉड एकमेकांना छेदतात तिथे रबराचा तुकडा बांधला आणि खडखड थांबली. आता कुलूप उघडलं की झाकण सावकाश वर येतं. आजोबांनी ते चारदा उघडून पाहिलं.