वसतिगृहातल्या मैत्रिणींचं स्नेहसंमेलन ठरवताय?
यादी माहेरच्या नावानं करा. लग्नानंतर आडनाव बदललं, काहींचं तर नावही, 'सौ. कुलकर्णी' म्हटल्यावर कुणाला काय आठवणार? नावापुढे दहावीचं वर्ष आणि खोली लिहा. खोलीतली एक सापडली की बाकीच्या तिघींचा पत्ता तीच देते. 1884 पासूनच्या हुजूरपागेसारख्या जुन्या शाळेत तर एकाच नावाच्या कितीतरी निघतील.

तारीख गौरी-गणपती, दिवाळी आणि नातवंडांच्या परीक्षा टाळून तीन महिने आधी कळवा, कारण रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. मुक्काम एक रात्र तरी हवाच. खऱ्या गप्पा दिवे मालवल्यावरच सुरू होतात, तेव्हाही व्हायच्या! जेवण मात्र मेसच्या चवीचं नको, आठवण पुरे.