क्रूझने रोमला जाताय? बंदरावरच्या दिवशी या चुका टाळा

भूमध्य समुद्रातील क्रूझच्या वेळापत्रकात ‘रोम, सकाळी ७ ते सायंकाळी ७’ असे छापलेले असते आणि ते वाचून रोममध्ये बारा तास हिंडायला मिळतील असे धरून चालणे, ही सर्वांत मोठी चूक आहे. जहाज रोमला लागतच नाही. ते लागते चिविताव्हेक्किया या बंदरात, आणि सम्राट ट्राजनने दुसऱ्या शतकाच्या आरंभी उभारलेले हे बंदर रोमपासून ७० किलोमीटरहून अधिक लांब आहे. जहाजातून उतरण्याची परवानगी मिळून गर्दीतून बाहेर पडेपर्यंत आठ वाजतात. तिथून बसने बंदराबाहेर, पुढे रेल्वे स्थानक, मग तास-सव्वा तासाचा गाडीचा प्रवास, असे करत रोममध्ये पाऊल पडते ते दहाच्या सुमारास. परतीचा हिशेब याच रीतीने केला, तर हाती जेमतेम पाच-साडेपाच तास उरतात. इतर बंदरांतही हेच आढळते. फ्लॉरेन्सच्या नावाने विकला जाणारा थांबा बहुधा लिव्होर्नोचा असतो, आणि २०२१ च्या ऑगस्टपासून मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या जुन्या शहरासमोरच्या कालव्यातून जाण्यास बंदी असल्याने ‘व्हेनिस’ म्हणून तुम्हाला राव्हेना किंवा त्रिएस्तेलाही उतरावे लागू शकते. त्यामुळे बुकिंग करतानाच शहराचे नाव बाजूला ठेवून बंदराचे नाव पाहावे.

दुसरी गफलत वेळेची. जहाज सातला सुटणार असले, तरी प्रवाशांनी परत येण्याची वेळ, म्हणजे ‘ऑल अबोर्ड’, त्याआधी अर्धा ते एक तास असते, आणि तीच वेळ खरी मानायची. उतरताना दाराशी लावलेल्या फलकावर ती लिहिलेली असते. त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. इटलीहून ग्रीसला जाणाऱ्या सफरीत आणखी एक घोळ होतो. ग्रीसचे घड्याळ इटलीच्या एक तास पुढे असते, मोबाइल किनाऱ्यावरचे नेटवर्क मिळताच आपोआप वेळ बदलतो, जहाजावरची वेळ मात्र कप्तान जाहीर करील तीच असते. म्हणून एक साधे मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून हातात ठेवलेले बरे.

आता रेल्वेविषयी थोडे सविस्तर, कारण स्वतःच्या जबाबदारीवर रोमला जाणाऱ्यांचा दिवस बहुतेक वेळा इथेच बिघडतो. बंदरातली शटल बस तुम्हाला लार्गो देल्ला पाचे येथे सोडते आणि तिथून स्थानक आणखी पुढे आहे. हे अंतर दुसऱ्या बसने किंवा वीस-पंचवीस मिनिटे चालून कापावे लागते. स्थानकावर प्रादेशिक गाड्यांप्रमाणेच इंटरसिटीसारख्या जलद गाड्याही थांबतात, परंतु प्रादेशिक गाडीचे तिकीट त्यांत चालत नाही. त्या दिवसापुरता प्रादेशिक गाड्या, मेट्रो आणि बस या तिन्हींना चालणारा ‘बिर्ग’ नावाचा एकत्रित पास बहुधा सोयीचा पडतो. तिकीट कागदी असेल, तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या छोट्या यंत्रात सरकवून त्यावर तारीख-वेळेचा शिक्का उमटवून घ्यावा. पैसे भरून तिकीट काढलेले असूनही शिक्का नसल्यास दंड होतो, आणि ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ ही सबब तपासनीस सहसा ऐकून घेत नाही.

कुठे उतरायचे, याचाही विचार आधी केलेला असावा. नाव ओळखीचे म्हणून बरेच जण थेट तेर्मिनी या रोमच्या मुख्य स्थानकापर्यंत जातात. पण या मार्गाच्या गाड्या तिथे मुख्य फलाटांपासून बऱ्याच आडबाजूला लागतात आणि जाता-येता ती पायपीट अंगावर पडते. व्हॅटिकनला जायचे असेल, तर सान पिएत्रो स्थानकावर उतरावे, तिथून सेंट पीटर्स चौक पायी साधारण पंधरा मिनिटांवर आहे. कोलोसियम पाहायचे असेल, तर ऑस्टिएन्सेला उतरून शेजारच्या पिरामिदे स्थानकातून मेट्रोची बी लाइन पकडावी. पिरामिदेनंतरचे दुसरेच स्थानक कोलोसियमचे आहे.

या दोन्हींपैकी एकच निवडा, असे माझे स्पष्ट मत आहे. व्हॅटिकन संग्रहालये, कोलोसियम, पँथिऑन आणि ट्रेव्ही कारंजे एका दिवसात उरकू पाहणारे प्रत्यक्षात फक्त रांगा पाहून परततात. कोलोसियमची तिकिटे वेळ ठरवून आणि नावानिशी दिली जातात, म्हणून ती घरूनच काढावीत. क्रूझ वार ठरवून धावते, तेव्हा तुमचा थांबा कोणत्या वारी आहे, हेही तपासावे. महिन्याचा शेवटचा रविवार सोडला, तर व्हॅटिकन संग्रहालये रविवारी बंद असतात. त्या शेवटच्या रविवारी प्रवेश विनामूल्य असल्याने गर्दीचा महापूर लोटतो. बुधवारी सकाळी पोपच्या जाहीर भेटीमुळे सेंट पीटर्स बॅसिलिका हे तिथले मुख्य चर्चही बहुधा दुपारपर्यंत पाहता येत नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले नसतील, तर बॅसिलिकात प्रवेश मिळत नाही. उन्हाळ्यात स्लीव्हलेस कुर्ता घालून निघणाऱ्यांनी एक ओढणी सोबत ठेवली, तरी काम भागते.

आई-वडील सोबत असतील, तर रोमच्या उंचसखल दगडी रस्त्यांवरून, घड्याळाकडे पाहत त्यांना पळवू नये. अशा वेळी जहाज कंपनीची सहल महाग वाटली, तरी तीच घ्यावी, कारण तिची बस अडकली तर जहाज सहसा थांबते. स्वतंत्रपणे गेलेल्यांसाठी ते थांबत नाही. आई-वडिलांना एवढी दगदग नकोच असेल, तर चिविताव्हेक्कियात बंदरालगतचा मिकेलँजेलो किल्ला आणि समुद्रकाठचा फेरफटका यांत सकाळ छान जाते.

शाकाहारींनी सुप्ली हा भाताचा तळलेला गोळा विचारूनच घ्यावा, कारण त्यात अनेकदा खिमा असतो. वजनावर मिळणारी टोमॅटोची साधी पिझ्झा रोस्सा त्यापेक्षा निर्धोक. पाण्याच्या बाटल्या विकत घेत बसू नये, नासोनी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रस्त्यावरच्या नळांचे पाणी पिण्याचेच असते.

गाडी रद्द झाली किंवा संप निघाला तर काय करायचे, याची तयारी सकाळीच करावी. इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर होतात, आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ व सायंकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक गाड्या चालवणे बंधनकारक असते; परंतु तुमची परतीची वेळ नेमकी या दोहोंच्या मध्ये येते, म्हणून संपाच्या दिवशी रोमचा बेत रद्द करणे किंवा जहाजाची सहल घेणेच योग्य. एरवीही ऑल अबोर्डच्या किमान दोन तास आधी चिविताव्हेक्कियाला पोहोचवणारी गाडी निवडावी, म्हणजे ती चुकली तरी पुढची गाठता येते.

इतके करूनही जहाज सुटलेच, तर धक्क्यावर धावत जाण्यात अर्थ नाही. जहाजाच्या रोजच्या माहितीपत्रकावर त्या बंदरातील एजंटचा दूरध्वनी क्रमांक असतो, त्याला ताबडतोब कळवावे. काही सफरींत पासपोर्ट जहाजावरच ठेवून घेतलेला असतो, म्हणून पासपोर्ट, व्हिसा आणि प्रवास विम्याच्या छायाप्रती दररोज खिशात हव्यात. मूळ पासपोर्ट जहाजाने बंदरात मागे ठेवला आहे का, हे एजंटच सांगू शकतो. पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे लागते. ते लिव्होर्नो असेल, तर चिविताव्हेक्कियाहूनच गाडी मिळते, नेपल्स असेल तर रोममार्गे जावे. ते तुर्कस्तानात असेल, तर विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी आपला शेंगेन व्हिसा (इटली, ग्रीस अशा युरोपीय देशांचा सामाईक व्हिसा) एकाच प्रवेशाचा आहे की अनेक प्रवेशांचा, हे पाहावे, कारण एकाच प्रवेशाच्या व्हिसावर बाहेर पडलेल्याला जहाज पुन्हा ग्रीसला किंवा इटलीला परतताना आत येता येत नाही.