एअर रायफलच्या छऱ्यांसाठी घरचं स्वस्त सामान

रायफलची काडतुसं घरी भरायच्या व्हिडिओंच्या नादी लागू नका बरं, आपल्याकडे आर्म्स ॲक्ट 1959 प्रमाणे त्याला लायसन लागतं. पण एअर रायफलचे .177 म्हणजे 4.5 मिमीचे छर्रे घरी निवडून साफ करायला कुणाची परवानगी नको, आणि सामान निम्मं घरातच असतं.

आधी टेबलावर जुना टेरी टॉवेल टाका, सोलापुरात टॉवेलला काय तोटा? छर्रे घरंगळत नाहीत, खाली पडून चेपत नाहीत. तो टॉवेल परत अंगाला लावायचा नाही मात्र, शिसं आहे ते. मग उजेडात एकेक छर्रा फिरवून मागचा स्कर्ट, म्हणजे मागची पातळ पोकळ कड बघा, चेपलेला दिसला की बाजूला काढा. माझ्या मते निम्मं काम इथंच होतं, आणि फुकट होतं.

आता वजनकाटा. सगळे आधी तोच घेतात. मॅचचा, म्हणजे स्पर्धेतला, चपट्या तोंडाचा छर्रा साधारण 0.53 ग्रॅमचा, आणि खिशातला स्वस्त काटा 0.01 ग्रॅम दाखवतो म्हणजे जवळजवळ 2 टक्के, चांगल्या डबीतले छर्रे एकमेकांत तेवढेही वेगळे नसतात मग तो काटा सांगणार काय? घ्यायचाच तर 0.001 वाला घ्या, नाहीतर राहू द्या, 10 मीटरवर फारसं बिघडत नाही. त्यापेक्षा 4.49, 4.50, 4.51 मिमी अशा हेड साइजच्या (छऱ्याच्या डोक्याच्या जाडीच्या) डब्या मित्रांत वाटून घ्या आणि आपल्या बॅरलला कुठली मानवते ते बघा.

बॅरल पुसायला गवत कापायच्या ट्रिमरची नायलॉन दोरी दुमडायची, घडीत जुन्या बनियनचा तुकडा अडकवायचा आणि मागून तोंडाकडे ओढायचं. स्टीलचा ब्रश नको. स्प्रिंगवाल्या रायफलीत शिलाई मशीनचं तेल तर अजिबात सोडू नका, दाबानं आत पेट घेतं आणि सील जातं. छर्रा न घालता रिकामी पण उडवू नका, पिस्टन आपटतो.

राहिला प्लास्टिकचा व्हर्नियर, म्हणजे मिमीत बारीक माप घ्यायची पट्टी. रायफल टेकवून प्रत्येक डबीचे पाच-पाच कागदी टार्गेटवर मारा, टार्गेटच्या मागं मातीची पोती असू द्या आणि डोळ्याला चष्मा. एकमेकांपासून सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडा मोजून त्यातनं 4.5 मिमी वजा केले की ग्रुप, म्हणजे छर्रे किती पसरले ते, मिळाला, ज्या डबीचा सगळ्यात लहान तीच घ्या की, महागडी असो नाहीतर स्वस्त.