ब्लंडेल पार्कला निघालेल्यांसाठी: अवे मॅचचं टिपण कसं लिहायचं

अवे मॅचचं, म्हणजे परक्या मैदानावरच्या फुटबॉल सामन्याचं, टिपण सोबत निघणाऱ्या समर्थकांसाठी लिहायला घ्याल तेव्हा पहिली ओळ परतीच्या गाडीची लिहा. गुणतक्ता, फॉर्म, कोण जखमी, हे सगळं मागाहून. घरच्या मैदानावर जाणाऱ्याला खेळाबद्दल वाचायचं असतं. पण तीनेकशे किलोमीटर लांब निघालेल्याला आधी हे कळायला हवं, की रात्री तो आपल्या अंथरुणात असेल की एखाद्या थंडगार फलाटावर.

इंग्लंडच्या लीग टूमध्ये, म्हणजे फुटबॉलच्या चौथ्या पातळीवर, 24 संघ आहेत आणि प्रत्येकाचे 46 सामने, म्हणजे मोसमात 23 वेळा परगावी जाणं आलं. शेफील्ड, लीड्स, मँचेस्टरला शिकायला आलेल्या मराठी मुलामुलींना हा प्रकार नवीनच असतो. कोल्हापूरकराला पेठेची ईर्षा कुणी शिकवायला नको, पण तिथे दोन्ही पेठा एकाच शाहू स्टेडियमवर येतात. गाडी चुकली, स्टेशन चुकलं, तिकीट भलत्याच स्टँडचं निघालं, या भानगडी तिथे नाहीत. म्हणून इथे ग्रिम्सबी टाउनचं मैदान उदाहरणाला घेतलं आहे. अवे प्रवासात जे जे चुकू शकतं, त्यातलं बहुतेक सगळं या एका ठिकाणी भेटतं.

नाव ग्रिम्सबी, मैदान क्लीथॉर्प्स

1878 मध्ये स्थापन झालेल्या या क्लबचं मैदान, ब्लंडेल पार्क, ग्रिम्सबी गावात नाही. ते शेजारच्या क्लीथॉर्प्समध्ये, हंबर नदीच्या मुखाशी आहे. टिपणात हे ठळक अक्षरात द्या, कारण पहिल्यांदा जाणारा हमखास 'ग्रिम्सबी टाउन' नावाच्या स्टेशनवर उतरतो. क्लबचं आणि स्टेशनचं नाव तंतोतंत एकच असल्यावर दोष तरी कुणाला द्यायचा? तिथून मैदान दोनेक मैल लांब आहे. उतरायचं ते रेल्वेच्या शेवटच्या स्टेशनवर, क्लीथॉर्प्सला. तिथून साधारण मैलभर, म्हणजे 20 ते 25 मिनिटं चाल. ग्रिम्सबी रोड गाठायचा आणि ग्रिम्सबीच्या दिशेनं चालत राहायचं; मैदान उजव्या हाताला, पाण्याच्या बाजूला लागतं. नकाशावर न्यू क्ली नावाचं स्टेशन त्याहून जवळ दिसतं. पण तिथे मोजक्याच गाड्या थांबतात, त्याही फलाटावरून हात केला तर किंवा गार्डला आधी सांगितलं तर. त्या स्टेशनवर भिस्त ठेवून बेत आखू नका.

शेफील्ड आणि मँचेस्टरहून क्लीथॉर्प्सला थेट गाडी आहे. लंडनकरांनी किंग्ज क्रॉसहून डॉनकास्टरला यायचं आणि तिथे गाडी बदलायची. डॉनकास्टर ते क्लीथॉर्प्स हा टप्पा सव्वा तासाच्या आसपासचा. मधली गाडी चुकली की पुढच्या गाडीसाठी बराच वेळ जातो, म्हणून डॉनकास्टरला किमान अर्धा तास हाताशी ठेवा.

कारवाल्यांसाठी दोन ओळी पुरतात: एम18, मग एम180, पुढे ए180, आणि नेव्हिगेशनमध्ये डीएन35 7पीवाय हा पिनकोड. मैदानाभोवती एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या अरुंद गल्ल्या आहेत. कुणाच्या दारासमोर गाडी लावू नका. थोडी लांब, घरी परतायच्या दिशेला तोंड करून लावली तर सामन्यानंतरच्या कोंडीतून लवकर सुटता.

परतीचा हिशोब उलटा मांडा

शनिवारची मॅच 3 वाजता सुरू होते. 45 मिनिटं, 15 मिनिटांची विश्रांती, पुन्हा 45, आणि दोन्ही अर्धांत वाढीव वेळ. अलीकडे रेफ्री वाया गेलेला वेळ काटेकोरपणे जोडतात, त्यामुळे शेवटची शिट्टी 5 च्या आसपास धरा. स्टँडमधून बाहेर पडायला 10 मिनिटं, स्टेशनपर्यंत 25. म्हणजे साधारण 5:40 च्या आधी सुटणारी गाडी टिपणात सुचवूच नका. त्या गाडीचं स्वस्त तिकीट काढलेला माणूस 85 व्या मिनिटाला उठून जातो, आणि नेमका तेव्हा गोल होतो.

मंगळवारी रात्री 7:45 ची मॅच असेल तर स्पष्ट लिहा: रेल्वेनं त्याच रात्री लंडनला परतणं जमणार नाही. सामना संपायलाच पावणेदहा होतात. समर्थक संघटनेची बस, कुणाची तरी कार, नाहीतर मुक्काम, एवढेच मार्ग उरतात.

रेल्वेचं तिकीट कुठल्या प्रकारचं घ्यायचं हेही सांगावं लागतं. आगाऊ काढलेलं 'अॅडव्हान्स' तिकीट स्वस्त असतं, पण ते त्या एका गाडीपुरतंच चालतं आणि पैसे परत मिळत नाहीत. फार तर सुटण्याआधी शुल्क आणि भाड्यातला फरक भरून बदलता येतं. खालच्या लीगमध्ये हे महागात पडतं, कारण सामना हलतो. टीव्हीसाठी 3 ची वेळ 12:30 होते. दोघांपैकी एखादा संघ एफए कप या बाद स्पर्धेत टिकला तर त्या शनिवारचा लीग सामना पुढे जातो. आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या काळात तीन खेळाडू आपापल्या देशाकडून बोलावले गेले, तर क्लबला सामना पुढे ढकलून मागता येतो. टीव्हीच्या सामन्यांची यादी जाहीर होईपर्यंत थांबा, किंवा गर्दीच्या वेळा सोडून कुठल्याही गाडीला चालणारं ऑफ-पीक परतीचं तिकीट घ्या. 16 ते 25 वयाच्या रेलकार्डावर एक तृतीयांश सूट मिळते, आणि पूर्णवेळ विद्यार्थी असाल तर त्याहून मोठ्या वयातही ते काढता येतं. दोनेक लांबच्या प्रवासांत कार्डाचे पैसे वसूल होतात.

तिकीट आणि बसायची जागा

पाहुण्या समर्थकांची तिकिटं बहुधा आपल्याच क्लबकडून घ्यायची असतात. ज्या मैदानांची क्षमता 20,000 पेक्षा कमी आहे, तिथे लीग सामन्याला पाहुण्यांसाठी किमान 10 टक्के जागा ठेवाव्या लागतात. ब्लंडेल पार्कची क्षमता 9,000 च्या आसपास, म्हणजे साधारण 900 जागा. एफए कपला हा वाटा 15 टक्के होतो. विक्री कधी सुरू, सभासदांना आधी किती दिवस, मैदानावर ऐन वेळी मिळणार की नाही, या तीन गोष्टी तारखेसह लिहा. तिकिटं संपली म्हणून यजमानांच्या स्टँडचं तिकीट काढून तिथे आपली जर्सी घालून बसू नका. स्टुअर्ड, म्हणजे मैदानावरचे बंदोबस्ताचे कर्मचारी, बाहेर काढतात आणि पैसे परत मिळत नाहीत.

पाहुणे बसतात ते गोलच्या मागच्या ऑस्मंड स्टँडमध्ये. छप्पर जुनं, बुटकं, आणि खांबांवर उभं. मेन स्टँडचा काही भाग तर 1901 सालचा आहे. पाहायला हे मैदान फार देखणं आहे, पण खांबाचं गणित टिपणात समजावून सांगा, कारण 'दृश्य थोडं अडतं' या शब्दांवरून कुणालाच काही कळत नाही. धरा, खांब 20 सेंटीमीटर रुंद आहे आणि तुमच्यापासून 2 मीटरवर आहे. 100 मीटर लांब समोरच्या गोलरेषेवर तो एका डोळ्याला 10 मीटरची पट्टी झाकतो. दोन डोळ्यांमुळे ती थोडी कमी होते, तरी 7.32 मीटरचा गोल जवळपास गडप. तोच खांब 8 मीटरवर असेल तर झाकलेली पट्टी अडीच मीटरवर येते आणि मान जराशी कलती केली की भागतं. म्हणून सूचना अशी लिहा: जागा निवडायला मिळाली तर खांबापासून जितकं मागे जाता येईल तितकं जा, आणि समोरचा गोल दोन खांबांच्या मधल्या मोकळ्या पट्टीत येतो का ते बसण्याआधी पाहा. व्हीलचेअरवाल्यांनी किंवा पायऱ्या चढता न येणाऱ्यांनी आठवडाभर आधी यजमान क्लबच्या दिव्यांग-संपर्क अधिकाऱ्याला ईमेल करावा. जुन्या मैदानांत अशा जागा मोजक्याच असतात.

तिकीट फोनवर असेल तर घरूनच वॉलेटमध्ये उतरवून ठेवा. फाटकाशी शेकडो फोन एकाच वेळी नेटवर्क मागत असतात. नुसता स्क्रीनशॉट सगळीकडे चालत नाही. बॅग ए4 कागदाच्या आकाराहून मोठी नको, पाण्याच्या बाटलीचं झाकण काढून घेतलं जाण्याची शक्यता धरा, आणि कार्ड जवळ असू द्या.

कायदा

हा भाग छोटा, पण विद्यार्थी व्हिसावर असणाऱ्यानं दोनदा वाचावा. 1985 च्या कायद्यानुसार मैदान दिसतं अशा जागी दारू पिता येत नाही, सामन्याला निघालेल्या भाड्याच्या बसमध्ये दारू नेता येत नाही, नशेत आत शिरणं गुन्हा आहे, आणि धुराची नळकांडी किंवा फटाके आत नेणंही. 1991 च्या कायद्यानं परवानगीशिवाय मैदानात उतरणं गुन्हा ठरवलं आहे. नव्वदाव्या मिनिटाला गोल झाला तरी जाहिरातीच्या फलकांच्या अलीकडेच थांबायचं.

खाणं

क्लीथॉर्प्स समुद्रकाठचं गाव आहे आणि ग्रिम्सबीचा सगळा इतिहास मासेमारीचा. इथे फिश अँड चिप्स घ्यायचं तर हॅडॉक माशाचं घ्या, स्थानिक लोक तेच मागतात. घरचे प्रेक्षक हवा भरलेला प्लॅस्टिकचा मासा नाचवतात, त्याचंही नाव हॅरी हॅडॉक. शाकाहारी मंडळींसाठी मात्र एक ओळ अगदी आवश्यक आहे. लिंकनशर आणि यॉर्कशरमधल्या अनेक दुकानांत बटाट्याच्या चिप्ससुद्धा बैलाच्या चरबीत तळतात. पाटीवर 'बीफ ड्रिपिंग' लिहिलेलं असतं; नसलं तर मागणी नोंदवण्याआधी कशात तळता ते विचारा. वेगळ्या तेलात तळणारी दुकानंही असतात. जेवण मैदानाकडे निघण्याआधी समुद्राकाठीच उरका, म्हणजे स्टँडखालच्या एका खिडकीसमोर विश्रांतीची 15 मिनिटं रांगेत जात नाहीत.

आता खेळ

इथे चार-पाच ओळी खूप झाल्या, पण त्या नेमक्या हव्यात. यजमानांच्या शेवटच्या सहा सामन्यांचे निकाल देऊन थांबू नका. त्यातले किती गोल कॉर्नर, फ्री किक किंवा लांब थ्रोवरून आले ते मोजून लिहा. खालच्या लीगमध्ये सामना तिथेच फिरतो. निलंबनं तपासा: लीगच्या पहिल्या 19 सामन्यांत पाच पिवळी कार्डं झाली की एक सामना बाहेर, 37 सामन्यांपर्यंत दहा झाली की दोन. चार किंवा नऊ कार्डांवर असलेला बचावपटू कोण, हेही वाचकाला आवडतं. उधारीवर आलेला खेळाडू आपल्या मूळ क्लबविरुद्ध उतरत नाही, हे विसरून संघ लिहिणारे बरेच दिसतात. रेफ्रीचं नाव काही दिवस आधी जाहीर होतं. त्याची कार्डांची सरासरी द्या. व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून निर्णय तपासणारा रेफ्री, इथे नाही, तेव्हा गोल झाला की लाइन्समनच्या झेंड्याकडे एक नजर टाका आणि मनसोक्त ओरडा.

ब्लंडेल पार्कसाठी खास ओळ वाऱ्याची. हंबरवरून येणारा वारा गोलकीपरची उंच किक अर्ध्यातच थोपवतो, नाहीतर थेट पलीकडच्या गोलकीपरच्या हातात नेऊन टाकतो. शुक्रवारी संध्याकाळी वाऱ्याची दिशा आणि वेग पाहा आणि कुठल्या अर्धात कुणाला फायदा ते लिहा. नाणेफेक जिंकणारा कर्णधार कधी कधी मुद्दाम बाजू बदलायला लावतो. तसं झालं तर स्टँडमधल्यांना कारण ठाऊक असेल. कपड्यांची सूचनाही याच ओळीत बसते: क्लीथॉर्प्सला उतरल्यावर उकडतंय असं वाटलं तरी वारा अडवणारं जाकीट सोडू नका.

निकालाचं भाकीत करायचंच असेल तर गुणतक्त्याच्या जोरावर करू नका. 27 ऑगस्ट 2025 ला याच मैदानावर लीग कप या बाद स्पर्धेत ग्रिम्सबीनं प्रीमियर लीगमधल्या मँचेस्टर युनायटेडला 2-2 बरोबरीनंतर पेनल्टींवर 12-11 असं हरवलं.

कधी काय लिहायचं

तिकीटविक्री जाहीर झाली की पहिला मसुदा: तिकीट, गाड्या, मुक्काम. गुरुवारी पूर्ण टिपण, कारण तोपर्यंत रेफ्री, निलंबनं आणि रेल्वेमार्गावरची दुरुस्तीची कामं कळलेली असतात. शेवटची दुरुस्ती सामन्याच्या दिवशी सकाळी. डिसेंबर ते फेब्रुवारीत रात्री पारा शून्याखाली गेला असेल किंवा दोन दिवस धो धो पाऊस झाला असेल, तर सकाळी मैदानाची पाहणी होते. तिची वेळ यजमान क्लब आदल्या संध्याकाळी किंवा पहाटे जाहीर करतो. टिपणात ती वेळ आणि तुमच्या गावाहून सुटणाऱ्या गाडीची वेळ शेजारी शेजारी लिहा. पाहणी 10:30 ला आणि गाडी 9 ची असेल, तर डॉनकास्टरला उतरून बातमी पाहायची आणि मगच पुढची गाडी धरायची, असंही लिहा. सामना रद्द झाला तर मैदानाचं तिकीट नव्या तारखेला चालतं की पैसे परत मिळतात, ते त्याच ओळीत सांगा.