तगरीची हिरवी फांदी याच पावसात काढा

आर्द्राचा पाऊस वीतभर मुरला की शेतघरापुढे, फाटकाशी शोभेची झुडपं लावून घ्यावीत. त्यात पांढऱ्या कडांच्या पानांची तगर हल्ली बरेच जण विचारतात. नर्सरीत व्हेरिगेटेड तगर म्हणून मागायची. बारमाही पान, आणि श्रावणी सोमवारी ओंजळभर पांढरी फुलं घरचीच.

खड्डा ४५ सेंमी लांब-रुंद-खोल, मातीत कुजलेलं शेणखत निम्म्यास निम्मं. निफाड-येवल्याच्या काळ्या जमिनीत मात्र खड्ड्याचं डबकं होतं, मुळं सडतात. तिथं वरंबा ओढून त्यावर लावा. इगतपुरी-त्र्यंबककडे निचऱ्याची काळजी नाही, पण पावसाच्या मारानं खत वाहून जातं, म्हणून थोडं थोडं दोनदा द्या. कुंपण म्हणून लावायची तर दोन झुडपांत अंतर दोन ते अडीच फूट. जागा सकाळच्या उन्हाची हवी. गर्द सावलीत रंग मळकट होतो आणि चैत्र-वैशाखात दुपारचं ऊन लागलं की पानाचा पांढरा भाग आधी करपतो.

आता खरं काम. लावून वर्ष-दीड वर्ष झालं की झुडपातून एखादी फांदी पूर्ण हिरवी निघते. मी रस्त्याकडेच्या एका नर्सरीतून दहा रोपं आणली होती. पहिल्या पावसाळ्यात हिरव्या फांद्या दिसल्या, ‘जोमदार आहेत, राहू दे’ म्हणून ठेवल्या. दुसऱ्या वर्षी तीन झुडपं साध्या तगरीसारखी हिरवीगार! पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, त्यामुळे चट्टेरी फांदी अन्न कमी बनवते. हिरवी दुप्पट जोरानं वाढून तिला दाबून टाकते. शेंडा खुडून भागत नाही, खालच्या डोळ्यांतून पुन्हा हिरवंच फुटतं. जिथून ती निघाली त्या जोडापाशी कात्री घाला. द्राक्षाला वांझ, म्हणजे घड नसलेली, फूट काढणाऱ्याला हे वेगळं शिकवायला नको. पूर्ण पांढरी फांदी दिसली तर तीही काढा; दिसायला देखणी, पण दुसऱ्यांच्या जिवावर जगणारी. आषाढात दर पंधरा दिवसांनी एक चक्कर मारली तरी पुरे.

कापताना दुधासारखा चीक येतो. तो विषारी आहे. हातमोजे घाला, डोळ्याला हात लावू नका, पोरांना लांब ठेवा.

रोपं वाढवायची तर बियांच्या भरवशावर राहू नका, पानांचा हा पांढरा-हिरवा रंग रोपात उतरत नाही. श्रावणात अर्धपक्व, १२ ते १५ सेंमीच्या काड्या घ्या, त्याही ज्या फांदीवर हिरवा-पांढरा सारखा मिसळलाय तिच्याच. चीक थांबेपर्यंत पाण्यात उभ्या करा, द्राक्षाच्या काडीला लावतात ते मूळ फुटायचं संजीवक बुडाला लावा आणि शेडनेटखाली पिशव्यांत खोचा. महिना-दीड महिन्यात मुळं धरतात.

युरिया टाकायचा मोह आवरा. लुसलुशीत फुटीवर मावा आणि पिठ्या ढेकूण आधी बसतो, आणि द्राक्षबाग शेजारी असेल तर ती डोकेदुखी कुणालाच नको. खोडावरून मुंग्यांची रांग चढताना दिसली तर पानाच्या बेचक्यात कापसासारखं काही आहे का पाहा. असल्यास तेवढी फांदी काढून जाळा, बाकीच्या झुडपाला निंबोळी अर्क.

चुनखडीच्या जमिनीत नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर तो रंग नव्हे, लोहाची कमतरता आहे. चिलेटेड लोह पाकिटावरच्या मात्रेनं फवारा.

आणखी एक पाहुणा. एका रात्रीत शेंडे बोडके झाले, खाली काळपट लेंड्या पडल्या, की पानांखाली बोटाएवढी हिरवी अळी शोधा. शेपटीला शिंग असतं. डिवचली की डोकं आत ओढून मान फुगवते आणि दोन निळे ‘डोळे’ वटारते. डोळे खोटे असतात, अळी चावत नाही. एका झुडपावर दोन-चारच असतात, त्यासाठी पंप कशाला काढायचा? वेचून टाका.

मोठी छाटणी फेब्रुवारीअखेर करा. दिवाळीनंतर कात्री लावली तर कोवळी फूट निफाडच्या थंडीत सापडते आणि शिवरात्रीपर्यंत झुडूप तसंच कुढत बसतं.