दाणे हलतात, पण स्ट्रेन कुठंय?

सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला सॉइल मेकॅनिक्समध्ये प्रोजेक्ट घेणाऱ्यांसाठी लिहितोय. नाशिकला हा विषय परका नाही. गंगापूर धरण मातीचंच आहे आणि दिंडोरी रोडला मेरी (महाराष्ट्र इंजिनिअरिंग रिसर्च इन्स्टिट्यूट) आहे. तरी आपण लॅबमध्ये काय करतो? नमुना दाबायचा, किती दबला ते डायल गेजवर वाचायचं, उंचीने भागायचं, झाला स्ट्रेन. ती नुसती सरासरी. आत एका तिरक्या पट्ट्यात उलथापालथ चालू असते आणि बाकीचा नमुना ढिम्म असतो. ते बघायचं तर एकेका दाण्याचा माग काढावा लागतो.

वाळूच्या पोटात मोबाइलचा कॅमेरा जात नाही. म्हणून जुनी युक्ती: वाळूऐवजी अॅल्युमिनियमच्या सळ्या, एका पेटीत मोळीसारख्या आडव्या रचलेल्या. समोरून फक्त गोल तोंडं दिसतात. अंबडच्या एका वर्कशॉपमधून 6 आणि 8 मिलिमीटरच्या सळ्या कापून आणल्या, कानशीने बर (कापताना कडेला राहिलेली खरखर) काढला. दोन मापं मुद्दाम घेतली. एकाच मापाच्या सळ्या मधाच्या पोळ्यासारख्या शिस्तीत बसतात आणि वाळू तशी वागत नाही.

मग मार्करने प्रत्येक तोंडावर ठिपका. घाईत निम्मे ठिपके मध्यापासून ढळले. सळी जागच्या जागी फिरली तरी असा ठिपका सरकतो, आणि फोटोंवरून हालचाल मोजणाऱ्या प्रोग्रामला वाटतं सळीच सरकली. आठवडाभराचे फोटो वाया. नंतर केंद्र गोल कडेवरून काढलं आणि ठिपका फक्त फिरणं मोजायला ठेवला. पेटीच्या चौकटीवरही चार खुणा करा, ट्रायपॉडला धक्का लागतोच.

हिशोब तसा साधा. एक सळी घ्या, तिचे शेजारी तिच्या सापेक्ष किती सरकले ते लिहा आणि त्या सगळ्यांना कमीत कमी चुकीने लागू पडेल असं एक 2×2 मॅट्रिक्स काढा. त्याचा सममित भाग म्हणजे स्ट्रेन, उरलेला म्हणजे फिरणं. आणि जी चूक तरीही शिल्लक राहते ती फेकू नका. फॉक आणि लँगर या भौतिकशास्त्रज्ञांनी 1998 साली तिलाच माप मानलं: दाणे शेजाऱ्यांची संगत सोडून कुठे वागताहेत ते ती दाखवते. दुसरा रस्ता केंद्रं जोडून त्रिकोण पाडण्याचा; पण कडेला लांबट, चपटे त्रिकोण तयार होतात आणि वेडेवाकडे आकडे देतात. ते गाळा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खरे फोटो देण्याआधी प्रोग्रामला खोटी हालचाल द्या. आमच्या सरांनी सगळे बिंदू नुसते 10 अंश फिरवायला सांगितले. स्ट्रेन शून्य यायला हवा. आमच्याकडे दोन्ही दिशांना दीड टक्का आकुंचन आलं! कोडमध्ये चूक नव्हती. 10 अंशांची कोसाइन 0.985, आणि लहान स्ट्रेनचं सूत्र तो फरक आकुंचन म्हणून मोजतं. नुसतं फिरणं स्ट्रेनमध्ये न धरणारं ग्रीन-लग्रांज सूत्र घातल्यावर शून्य आलं. व्हायवात यावरच वीस मिनिटं गेली.

शेजार किती मोठा घ्यायचा यावर मात्र भांडण मिटत नाही. लहान घेतला तर आकड्यांत गोंगाट, मोठा घेतला तर पट्टा पुसट. दोन-तीन आकार घेऊन नकाशे शेजारी लावा, आणि रिपोर्टात शेजाराचा आकार लिहाच. त्याशिवाय तुमच्या आकड्याला अर्थ नाही.

आमची पहिली पेटी 20 सेंटिमीटर रुंद होती, म्हणजे जेमतेम तीसेक सळ्या. पट्ट्यालाच साधारण दहा-वीस दाण्यांची जाडी लागते, तो मावणार कुठे? दुसरी 40 सेंटिमीटरची केली, आणि जास्तीच्या सळ्यांसाठी चौघांनी वर्गणी काढली.