कंपाउंड धनुष्याला पिन साइट : कोणती घ्यायची, कशी बसवायची

परीक्षा आटोपल्या की आमच्या तिरंदाजीच्या मैदानावर पालकांचा प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, पाच पिनवालीच साइट घेऊन टाकू का? पोट्टं मोठं झालं की कामी येईन." भाऊ, नका घेऊ. साइट म्हणजे नेम धरायला धनुष्यावर बसवायचं साधन, आणि पिन म्हणजे तिच्या गोल कड्यातली चमकत्या टोकाची काडी. पिना जास्त म्हणजे साइट चांगली, असं नाही.

पाच-सात पिनांची साइट मुळात परदेशातल्या शिकाऱ्यांसाठी निघाली. जनावर किती अंतरावर उभं राहील ते माहीत नसतं आणि साइट फिरवायला वेळ नसतो, म्हणून प्रत्येक अंतराला एक पिन. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे. परतवाड्याच्या वर मेळघाट सुरू होतो, तिथं धनुष्य घेऊन फिरायचा विचारही कोणी मनात आणू नये. आपलं काम मैदानावरचं. कंपाउंडची, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्याची, मैदानी स्पर्धा ५० मीटरवर, ८० सेंटिमीटरच्या टार्गेटवर होते. नागपूरच्या ओजस देवतळेनं २०२३ मध्ये बर्लिनच्या विश्वविजेतेपदाच्या अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण घेतले, ते याच अंतरावर. अंतर एकच असेल तर पाच हिरव्या-लाल ठिपक्यांची गर्दी डोळ्यासमोर कशाला? ऐन वेळी पोरगं चुकीची पिन लावतं आणि बाण टार्गेटच्या वरून धुऱ्यापलीकडे जातो.

म्हणून माझं सांगणं सरळ आहे. मुलाला स्पर्धेत उतरायचं असेल तर एक पिन असलेली, वर-खाली सरकणारी साइट घ्या. हौस म्हणून शेतात वेगवेगळ्या अंतरांवरून बाण मारायचे असतील तर तीन पिना भरपूर झाल्या. पिनांवर वाचलेले पैसे धातूत घाला. दुकानात साइटचं गोल कडं दोन बोटांत धरून हलवून बघा. जराही खेळ जाणवला तर ती परत ठेवा. अख्खी अ‍ॅल्युमिनियमची, बबल (धनुष्य सरळ आहे का ते दाखवणारी बुडबुड्याची नळी) असलेली आणि वर-खाली, डावी-उजवीकडे टिकटिक करत सरकणारी साइट हवी. स्क्रू ढिला करून अंगठ्यानं ढकलायची साइट स्वस्त मिळते, पण तिला मिलिमीटरभर हलवणं फार किचकट. उजव्या हाताची की डावखुऱ्याची, हे पार्सल मागवण्याआधी दोनदा तपासा.

पिनेच्या जाडीचा हिशोब मी मुलांकडून फळ्यावर करून घेते. फायबर, म्हणजे पिनेच्या टोकाशी उजेड आणणारा धागा, साधारण ०.०१०, ०.०१९ आणि ०.०२९ इंच जाडीचं येतं. ०.०१९ म्हणजे जवळपास अर्धा मिलिमीटर. डोळ्यापासून पिन ८५ सेंटिमीटरवर धरली तर ५० मीटरवर ती जवळपास तीन सेंटिमीटर जागा झाकते. ०.०२९ ची पिन चार सेंटिमीटरहून थोडं जास्त झाकते. दहाचं वर्तुळ आठ सेंटिमीटरचं आहे. त्यामुळे ०.०१९ मला सगळ्यात सोयीची वाटते. ०.०१० ची पिन पावसाळी, अंधारलेल्या दुपारी दिसेनाशी होते. उलट एप्रिलच्या उन्हात फायबर इतकं तळपतं की ठिपक्याभोवती काटे फुटल्यासारखे दिसतात. तेव्हा फायबरच्या काही भागावर काळी चिकटपट्टी गुंडाळायची. बॅटरीचा दिवा लावू नका, स्पर्धेत तो चालत नाही.

आता बसवणी. साइटला हात लावण्याआधी बाकी सगळं पक्कं झालेलं असलं पाहिजे: ड्रॉची लांबी (दोरी किती मागे ओढायची ते), डी-लूप (ओढण्यासाठी दोरीवर बांधलेला छोटा फास), रेस्ट (बाण टेकतो तो आधार), आणि दोऱ्यानं घट्ट बांधलेला पीप (दोरीतलं, ज्यातून बघायचं ते छिद्र). यातलं काहीही नंतर हललं की साइट पुन्हा लावावी लागते. बाणही एकाच वजनाचे, एकाच मापाचे. धनुष्याच्या ओढीच्या दर पाउंडामागे बाणाचं वजन निदान पाच ग्रेन (बाण तोलायचं बारीक माप) तरी हवं, आणि बाण न लावता दोरी कधीही सोडायची नाही. या दोन गोष्टींत माझ्या मैदानावर सवलत नाही.

साइट रायझरच्या (धनुष्याच्या मधल्या, मुठीच्या भागाच्या) बाहेरच्या बाजूला दोन स्क्रूंनी बसते. एक पूर्ण आवळून मग दुसरा, असं करू नका. दोन्ही आलटून-पालटून थोडे थोडे आवळा. चावी बोटांनी फिरवा, मनगटाचा जोर लावू नका, रायझरचे आटे जातात. मग गवंड्याचा ओळंबा आणा. तो झाडाला टांगा आणि धनुष्य समोर असं धरून ठेवा, की पिनांची उभी रांग, किंवा एकच पिन असेल तर साइटची उभी पट्टी, ओळंब्याच्या दोरीला समांतर दिसेल. त्या स्थितीत बबल मधोमध आला पाहिजे. नाही आला तर कड्याचा स्क्रू ढिला करून कडं फिरवा. हे राहून गेलं तर मुलगा प्रामाणिकपणे बबल मध्ये ठेवतो आणि धनुष्य मात्र तिरपं धरतो; जवळ फरक कळत नाही, लांबवर बाण एका बाजूला पडतात. कडं पुढे-मागे वळवायचा आणखी एक स्क्रू काही साइटना असतो. तो चढ-उतारावर बाण मारताना कामाचा. चिखलदऱ्याच्या उतारावर सराव असेल तर तो लावा, आपल्या काळ्या सपाट रानात त्याच्यावर सकाळ घालवू नका.

पीपमधून पाहिल्यावर साइटचं कडं पीपच्या गोलात नेमकं बसलेलं दिसावं, भोवती उजेडाची बारीक रेघ उरावी. कडं कापलं जात असेल तर पीपचं छिद्र लहान आहे, भोवती फार मोकळी जागा असेल तर मोठं आहे. डोळे मिटून दोरी ओढा, गाल नेहमीच्या जागी टेका, मग डोळे उघडा. पीपसाठी मान वर-खाली करावी लागली तर पीप सरकवा. मानेला वाकायची सवय लावू नका.

पहिले बाण दहा मीटरवरून मारा. टार्गेटमागे मातीचा बांध असू द्या, आणि पांदणीनं गुरं किंवा माणसं येत नाहीत ना, ते बघायला एक जण उभा करा. बाण टार्गेटमध्ये नीट लागू लागले की २० मीटरवर जा आणि सगळ्यात वरची पिन तिथं लावा.

नियम एकच, तो मुलांच्या तोंडी बसवा: बाण जिकडे, साइट तिकडे. बाण डावीकडे लागले तर साइट डावीकडे, खाली लागले तर साइट खाली. नवीन मुलांना हे उलटं वाटतं. पण पिन खाली घेतली की ती मधोमध आणायला हात वर उचलावा लागतो, म्हणून बाण वर जातो. एका बाणावरून साइट हलवू नका. तीन बाण मारा, तिघांच्या मधली जागा बघा, मग हलवा. तिन्ही तीन दिशांना असतील तर साइटचा दोष नाही, नेम आणि रिलीज (दोरी सोडणं) सुधारा. साइट मिलिमीटरभर हलली की २० मीटरवर बाण दोन सेंटिमीटरांहून जास्त सरकतो आणि ५० वर सुमारे सहा. म्हणून ५० वर एका वेळी एक-दोन टिकच.

२० ची पिन लागली की टार्गेटवर ओळंब्यानं सरळ उभी पट्टी चिकटवा आणि तीच पिन पट्टीच्या वरच्या टोकावर धरून २०, २५, ३० मीटरवरून मारा. ३० वरून बाण वीत-दीड वीत खाली लागेल, ते ठीक. पण मागे जाल तसे बाण पट्टी सोडून एका बाजूला सरकत गेले तर रेस्ट मधोमध नाही. ते आधी रेस्टवर दुरुस्त करा, साइटनं झाकू नका. त्यानंतर ३० आणि ४० च्या पिना फक्त वर-खाली हलवून लावा. २० आणि ३० मधल्या फटीपेक्षा ३० आणि ४० मधली फट किंचित मोठी यायला हवी. उलट आली तर कुठली तरी पिन चुकली आहे. सरकत्या साइटवाल्यांनी साइटवरच्या पांढऱ्या पट्टीवर दर पाच मीटरला टोकदार पेनानं रेघ मारून ५० पर्यंत जायचं आणि त्या पट्टीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा. घामानं शाई पुसते.

शेवटी प्रत्येक स्क्रूवर आणि त्याखालच्या धातूवर मिळून नेलपॉलिशची एकच रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला. गाडीवर धनुष्य बांधून आपल्या रस्त्यांनी आलात तर सरावाआधी ही रेघ बघणं आलंच. मे महिन्यात धनुष्य बंद गाडीत किंवा टिनाच्या खोलीत ठेवू नका. उन्हानं दोरी ताणली जाते, पीप सरकतो आणि लावलेली साइट चुकते. दोरी बदलली तर मागच्या खुणांवर विसंबू नका, पुन्हा २० मीटरवरून सुरुवात करा.